आवाज कुठे अडला?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाटाला आवर्तन सुटलं की माणसं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, 'पाणी कुठवर आलं?' धरणातून सुटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सुटलेलं पाणी आणि आपल्या वाफ्यात आलेलं पाणी यांत पुष्कळ अंतर असतं. माझी सगळी नोकरी या अंतरात गेली. मी कालवा निरीक्षक होतो. पाणीअर्ज घ्यायचे, पाळीपत्रक लावायचं, चाऱ्यांवरून हिंडायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे माझं काम.

आज मी बोलणार आहे ते मात्र पाण्यावर नाही, आवाजावर. एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि त्याचा आवाज गेला, एवढीच गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल, निवृत्त झालेल्या पाटावरच्या माणसाला हे उद्योग सांगितले कोणी? तर तेच सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शेवगाव तालुक्यात आमच्या मूळ गावी राहतात. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. ज्यानं गावाच्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं त्याचंच वाचन थांबलं, हे दुःख फार मोठं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण सकाळी वर्तमानपत्र आलं की उगाच त्याची घडी उलगडायचे, हात फिरवायचे आणि परत घडी घालायचे.

मग त्यांच्या मुलानं आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि त्यावर एनव्हीडीए नावाचा प्रोग्राम घालून दिला. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते हा प्रोग्राम बोलून दाखवतो. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांचं हे काम. करन यांनी २००६ साली त्याला सुरुवात केली आणि ते जगाला फुकट दिलं. अण्णा सहा महिन्यांत तयार झाले. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल. त्यांवर बोटं टेकवून ते बसायचे आणि तिथून सगळा कीबोर्ड त्यांना पाठ. वर्तमानपत्र ऐकायचे, पत्रं लिहायचे, विजेचं बिल स्वतः भरायचे. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. 'कुणाच्या पोराला हात जोडावे लागत नाहीत,' असं म्हणायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. त्या दिवशी विंडोज दहाचा नियमित आधार थांबला. सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या आपोआप यायच्या बंद झाल्या. पुतण्याचा पुण्याहून फोन आला, 'काका, अण्णांना सांगा, आता पैशाचे व्यवहार त्यावर करायला नकोत.' विंडोज अकरा त्या लॅपटॉपवर बसण्यासारखं नव्हतं. त्याला टीपीएम दोन नावाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. हा लॅपटॉप २०१४ सालचा. नवा घ्यावा, असं पुतण्याचं मत. अण्णांचं मत वेगळं. 'चालतंय ते टाकायचं कशाला? बैल म्हातारा झाला म्हणून कुणी सोडून देतं का?'

तेव्हा मी मध्ये पडलो. निवृत्तीनंतर मी माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स वापरायला शिकलो होतो. मुंबईच्या आयआयटीनं 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प चालवला आहे. दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ असतात, पडद्यावर करून दाखवतात आणि बरोबर निवेदन असतं. त्यातले बरेच पाठ मराठीत ऐकायला मिळतात. मी लिनक्सची अक्षरओळख त्यांवरच गिरवली.

लिनक्स म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. संगणकाच्या यंत्राला आणि आपल्या कामाला जोडणारी जी मूळ व्यवस्था असते, जसं विंडोज, तशीच ही दुसरी. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली तिचा गाभा लिहिला, सर्वांसाठी खुला केला आणि तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालत आले आहेत. तिला मोल द्यावं लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही ती बरी चालते. शिवाय तिच्यात ऑर्का नावाचा, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम मिळतो. आणि ईस्पीक नावाचा जो कृत्रिम आवाज आहे त्याला मराठी येतं.

मी मोठ्या उत्साहानं लॅपटॉप सावेडीला माझ्या घरी आणला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. अर्ध्या तासात काम झालं. चकचकीत पडदा आला, इंटरनेट लागलं, मराठी अक्षरं दिसली. मग ऑर्का सुरू केला आणि कान लावून बसलो.

काही नाही. आवाजाची पट्टी शंभरवर नेली. ती सरकत होती, आकडा वाढत होता, पण यंत्र मुकं.

श्रोतेहो, तुमच्या-माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला तर आपली गाणी बंद होतात. अण्णांच्या लॅपटॉपचा आवाज गेला म्हणजे पडदाच गेला. त्यांच्या दृष्टीनं ते एक गरम होणारं खोकं उरलं.

आता माझ्या चुका सांगतो, कारण भाषणात शहाणपण सांगायचं तर आधी मूर्खपणाचा हिशेब द्यावा. पहिली चूक, मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून पाहिलं नाही. ते यंत्रात कायमचं बसवण्याआधी तसंच चालवून बघता येतं. तेव्हाच आवाज, कॅमेरा, वायफाय तपासायचं असतं. मी थेट बसवूनच मोकळा झालो. दुसरी चूक, आवाज येईना म्हणून सगळं पुसून परत तेच टाकलं. फरक शून्य. तिसरी चूक सर्वांत मोठी. ओळखीचा एक मुलगा फोनवर म्हणाला, 'आवाजाचा प्रोग्रामच काढून टाका आणि परत घाला.' मी काढला. त्याच्या आधारानं उभं असलेलं बरंच काही त्याच्याबरोबर निघालं आणि लॅपटॉप परत सुरू केल्यावर पडद्यावर साधा मेनू दिसेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी वहिनींचा फोन आला. 'भाऊजी, घाई नाही हो. पण हे दिवसभर नुसते बसून असतात, म्हणून विचारलं.'

फोन ठेवला आणि स्वतःलाच म्हटलं, अरे, चारीला पाणी आलं नाही तर तू काय करायचास? धरण पाडून परत बांधायचास का? दार कुठे बंद आहे ते पाहत हिंडायचास ना?

आणि मग मी सरळ वहीत आवाजाचा पाट काढला. त्याची वाट अशी असते. सगळ्यात वर प्रोग्राम. आमच्या बाबतीत ऑर्का आणि ईस्पीक. इथे आवाज तयार होतो, हे धरण. त्याच्या खाली एक वाटप करणारा. एकाच वेळी गाणं चालू असतं, फोन वाजतो, ऑर्का बोलत असतो, त्या सगळ्यांचे आवाज एकत्र करून कुठल्या बाजूला सोडायचे हे तो ठरवतो. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करायचा. लेनार्ट पोटरिंग यांनी २००४ साली तो सुरू केला आणि २००८ च्या सुमारास तो बहुतेक ठिकाणी पोचला. आता त्याची जागा विम टायमन्स यांचा पाइपवायर घेतो आहे. फेडोरानं तो २०२१ मध्ये स्वीकारला, लिनक्स मिंटनं २०२४ मध्ये. त्याच्याही खाली अल्सा. ही प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारी व्यवस्था. यारोस्लाव किसेला या चेक माणसानं १९९८ मध्ये तिचं काम हाती घेतलं आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्सच्या गाभ्यात ती पक्की बसली. त्यानंतर आवाजाची चिप आणि शेवटी स्पीकर. पाच टप्पे. पाच ठिकाणी दारं. आणि गंमत म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात आपण जी आवाजाची पट्टी सरकवतो ती यांतलं एकच दार.

जुन्या लॅपटॉपवर हे प्रकरण अधिक का अडतं, त्यालाही कारण आहे. २००४ साली इंटेलनं हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचा एक नमुना आणला. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी तो घेतला, पण कुठली तार कुठे जोडायची याची त्यात पुष्कळ मोकळीक होती. कुणी स्पीकर इथे जोडला, कुणी तिथे. विंडोजसाठी ज्याचा त्यानं नकाशा करून दिला. लिनक्सवाल्यांना तो एकेका लॅपटॉपसाठी शोधून काढावा लागला. ताकाशी इवाई हे गृहस्थ वर्षानुवर्षं हे काम सांभाळत आले आहेत. शेकडो लॅपटॉपांच्या खोडी लिनक्सच्या गाभ्यात अशा एकेक करून नोंदलेल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या जुन्या चाऱ्यांची आठवण झाली. नकाशात दार एकीकडे आणि जागेवर भलतीकडेच.

तर, पाटावर आमची एक रीत होती, टेल टू हेड. म्हणजे शेपटाकडून डोक्याकडे. भरणं आधी शेवटच्या टोकाला द्यायचं आणि मग वर यायचं. तपासणीलाही हीच रीत बरी. मी टोकाला गेलो. साधे इअरफोन घेतले, लॅपटॉपच्या भोकात खोचले आणि कानात घातले.

ऑर्का बोलत होता! कानात स्वच्छ, खणखणीत बोलत होता. आठ दिवस बिचारा बोलतच होता.

याचा अर्थ काय? धरण ठीक, कालवा ठीक, चिपसुद्धा ठीक. अडलं होतं फक्त शेवटच्या फाट्याला. इअरफोनच्या चारीला पाणी, स्पीकरची चारी कोरडी. दोन मिनिटांच्या या तपासणीनं माझं चार पंचमांश काम संपवलं. इअरफोनमध्येही आवाज नसता तर वर सरकायचं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन आवाज कुठल्या वाटेनं सोडलाय ते पाहायचं होतं. टीव्हीच्या एचडीएमआय तारेकडे सोडला असेल तर लॅपटॉप गप्प राहणारच. आणि तिथे 'डमी आउटपुट' असं लिहिलेलं असतं तर समजायचं होतं की चिपच व्यवस्थेला दिसलेली नाही, दुखणं मुळाशी आहे.

स्पीकरचं दार पाहायला अल्सामिक्सर नावाचा प्रोग्राम आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप केलं की उभ्या उभ्या पट्ट्या दिसतात. तिथेही मी एकदा फसलो. पट्ट्या पाहिल्या, सगळं बरोबर दिसलं. नंतर कळलं, माझ्या लॅपटॉपमध्ये आवाजाची दोन कार्डं होती. एक टीव्हीच्या तारेसाठी आणि एक स्वतःच्या स्पीकरसाठी. मी पाहत होतो ते भलतंच. दुसऱ्याच्या चारीवर पाणी मोजत बसलो होतो म्हणा ना. एफ सहा ही कळ दाबली की कार्ड बदलता येतं. बदललं आणि समोर दिसलं. 'स्पीकर' या पट्टीखाली एम एम अशी दोन अक्षरं. एम म्हणजे म्यूट, मुकं. अल्सा मुळात ही दारं बंदच ठेवते. पुढे ती ठरल्याप्रमाणे उघडली जातात. त्यातलं एखादं राहून जातं. पट्टीवर जाऊन एम ही कळ एकदा दाबली. एम एमच्या जागी दोन शून्यं आली आणि लॅपटॉप खोलीभर बोलायला लागला. आठ दिवसांचा घोळ आणि एक कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावी गेलो. अण्णांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, एफ आणि जे चाचपले आणि ऐकायला लागले. ईस्पीकचं मराठी थोडं यांत्रिक आहे. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, 'मराठीच बोलतो, पण कुठल्या तालुक्यातला ते कळत नाही.' वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मी जेवून, शाबासकी घेऊन परत आलो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

तीन-चार आठवड्यांनी अण्णा फोनवर म्हणाले, 'अरे, हा अक्षर गिळतो बरं का.' मी म्हटलं, 'नवा आवाज आहे, सवय होईल.' पुन्हा एकदा म्हणाले. मी गावी गेलो तेव्हा समोर बसून ऐकलं. मला सगळं व्यवस्थित ऐकू आलं. मग मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, 'अण्णा, वयानं थोडं ऐकायलाही कमी येतं. एकदा कान दाखवून घेऊ.'

ते काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांच्या दारात वायरमन उभा राहिला. आधीचं बिल थकलं होतं. अण्णा म्हणाले, 'भरलंय मी. मशीननं सांगितलं, यशस्वी.' वायरमन भला माणूस, ओळखीचा. त्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं की पैसे आलेलेच नाहीत. आजूबाजूची चार माणसं जमली होती. आयुष्यात कुणाची दमडी न बुडवलेला माणूस सगळ्यांच्या देखत खोटा पडला. वहिनींनी डब्यातून पैसे काढून दिले.

मी तातडीनं गेलो. नोंदी उघडून पाहिलं. अण्णांनी बिल भरलं त्या वेळी इंटरनेट मध्येच तुटलं होतं आणि व्यवहार पुरा झाला नव्हता. शेवटी जे पान आलं त्यावर पहिलाच शब्द होता 'अयशस्वी'. यंत्रानं त्यातला 'अ' गिळला. अण्णांनी ऐकलं 'यशस्वी' आणि समाधानानं लॅपटॉप मिटला.

श्रोतेहो, त्या क्षणी मला नोकरीतला एक दिवस आठवला. एका चारीच्या टोकाचे एक म्हातारे शेतकरी तीनदा येऊन म्हणाले होते, 'साहेब, पाणी येत नाही.' मी रजिस्टर उघडून दाखवलं. 'बाबा, ही बघा नोंद. सोमवारी पाणी सोडलंय.' चौथ्या वेळी त्यांनी वाद घातला नाही. माझा हात धरला आणि चालवत शेतावर नेलं. चारीला भेगा पडलेल्या. उभा हरभरा करपलेला. वर मधेच कुणीतरी फळी टाकून पाणी वळवलं होतं. माझी नोंद खरी होती आणि त्यांचं शेतही खरं होतं. पण पाणी आलं की नाही, हे टोकाला उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं असतं, रजिस्टरला नाही. तो धडा मी पाटावर शिकलो आणि घरी विसरलो.

मला अक्षर गिळलेलं का ऐकू आलं नव्हतं, तेही तेव्हा कळलं. मी पडद्याकडे बघत ऐकत होतो. डोळ्यांनी 'अयशस्वी' वाचल्यावर कानाला 'यशस्वी' ऐकू आलं तरी मन ते 'अ' भरून घेतं. अण्णांकडे भरून घ्यायला काही नव्हतं. त्यांचेच कान खरं ऐकत होते.

मी त्यांची माफी मागितली आणि विचारलं, 'अण्णा, नेमकं केव्हा गिळतं?' मास्तरच ते. त्यांनी आधीच निरीक्षण करून ठेवलं होतं. म्हणाले, 'सलग बोलत असला की चुकत नाही. मी थांबलो, पाच-दहा सेकंद गप्प बसलो आणि मग त्याला बोलायला लावलं की पहिलं अक्षर जातं. पहिलंच. दुसरं कधी नाही.'

निदान झालंच म्हणा ना. लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्याची एक सोय असते. काही सेकंद आवाज नसला की आवाजाची चिप झोपते. परत आवाज आला की जागी होते, पण जागं व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिलं अक्षर निघून जातं. कोरड्या चारीत पाणी सोडलं की पहिलं पाणी भेगाच पितात, तसं. गाणं ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. पण पडदा कानानं वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्य म्हणजे नवी सुरुवात असते. आणि आपली मराठी अशी की नकार बहुधा शब्दाच्या पहिल्या अक्षरात असतो. अमान्य, अपूर्ण, अपात्र, अवैध. पहिलं अक्षर काढा आणि काय उरतं ते पाहा.

उपाय एका ओळीचा होता. इंटेलच्या नमुन्याच्या चिपा चालवणारा जो ड्रायव्हर आहे, त्याची 'पॉवर सेव्ह' नावाची किंमत शून्य करायची. म्हणजे चिपला सांगायचं, झोपू नकोस. आधी ती तात्पुरती शून्य करून पाहिली. मग मी पडदा मिटून घेतला, कारण आता माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नव्हता. अण्णांना म्हटलं, तुम्ही ऐका. एका कागदपत्रात त्यांनी स्वतःच शब्द टाइप केले होते. मान्य, अमान्य, पूर्ण, अपूर्ण. प्रत्येक शब्दापूर्वी मनात वीस आकडे मोजायचे आणि मग पुढच्या ओळीवर जायचं. वर्गात शुद्धलेखन घालावं तसं चाललं होतं, फक्त विद्यार्थी लॅपटॉप होता. वीसच्या वीस शब्द बरोबर आले. मग ती ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये कायमची लिहून टाकली. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण हा लॅपटॉप सदा चार्जरलाच असतो.

जाताना अण्णा एवढंच म्हणाले, 'कान दाखवायला कधी जायचं?' मी मान खाली घातली. ते हसत होते.

श्रोतेहो, घरात असा जुना लॅपटॉप पडून असेल तर भंगारात टाकण्यापूर्वी त्यावर लिनक्स जरूर टाकून बघा. पण माझ्या अनुभवाचे चार शब्द जवळ ठेवा. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून आवाज तपासा. आवाज आला नाही तर काही काढू नका, काही पुसू नका. इअरफोन लावा आणि टोकाकडून वर या. आधी कीबोर्डवरची आवाज बंद करायची कळ, मग सेटिंग्जमधली वाट, मग अल्सामिक्सरमधली दारं, मग चिप दिसते की नाही. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा, म्हणजे चुकलं तर परत फिरता येतं. आणि लॅपटॉप दुसऱ्या कुणासाठी तयार करत असाल, विशेषतः ज्याला दिसत नाही किंवा ज्याचे हात थरथरतात अशा माणसासाठी, तर 'झालं' असं आपण म्हणायचं नाही. ते त्याला म्हणू द्यायचं.

मागच्या महिन्याचं बिल अण्णांनी भरलं. पान आलं, यंत्रानं शब्द उच्चारला. अण्णांनी तो पुन्हा एकदा ऐकला, मग खात्री करायला वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, 'गुरुजी, पैसे जमा झालेत.' तेव्हाच त्यांनी लॅपटॉप मिटला. आणि मला फोन करून म्हणाले, 'पाणी पोचलं रे टेलला.'